एवढं पान संपू दे

२३ ऑक्टोबर २००९
कुरखेड्याहून जीपच्या टपावर बसून एकदाचा गावात पोचलो. नवा कालवा निरीक्षक पेटीसकट टपावरून उतरला म्हणून गावाची चांगली करमणूक झाली. खोली ऐन तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर आहे. खिडकीतून पाणी, पाण्यापलीकडे लोंबीवर आलेला धान. अमरावतीच्या कोंदट कचेरीपेक्षा हे लाखपट बरं.
दिवाळीत अमेरिकेतल्या मावसभावाने दिलेलं ई-रीडर सोबत आहे. पाटीएवढं यंत्र, त्यात इंग्रजी विज्ञानकथांच्या मासिकाचे अंकच्या अंक. त्याने बजावलं होतं, मराठी अक्षरं याला ओळखू येत नाहीत, नुसते चौकोन दिसतील. दिसेनात का, मराठीला माझ्याकडे वर्तमानपत्र आहे.

२५ ऑक्टोबर
काम समजलं. तलाव जुना, पाणी सोडायचं भोक तळाशी, त्याला लाकडी गुट्टा, म्हणजे बूच. इथल्या मासेमार ढिवरांपैकी केवळरामभाऊ बुडी मारून तो काढतात आणि लावतात. त्यांच्या कमरेला दोर, दुसरं टोक पाळीवरच्या माणसाच्या हातात. एक हिसका म्हणजे काम झालं, दोन म्हणजे ओढा. दोर धरायचा मान साहेबाचा, असं भाऊंनीच ठरवलं.
नवरा पाण्यात असेस्तोवर चूल पेटली तर त्याचा घात होतो, असं मानून त्यांच्या पत्नी शकुबाई ती पेटवत नाहीत. आज भाऊ वर आल्यावरच त्यांच्या घरातून धूर निघाला, मग मलाही चहा मिळाला.

२९ ऑक्टोबर
दोर पायाच्या अंगठ्याला गुंडाळायची युक्ती सापडली. ई-रीडर धरायला हात मोकळे राहतात. कथा एका अंतराळवीराची आहे, यानाबाहेर दोरावर लोंबकळणाऱ्या. फार रंगात आली आहे. भाऊंनी माझा अंगठा पाहिला आणि हसत म्हणाले, "साहेब, झोपू नोका मात्र." मी म्हटलं, वाचणारा माणूस झोपत नाही.

२ नोव्हेंबर
केवळरामभाऊ गेले. गुट्टा लावताना हात अडकला.
पोलिसांना मी सांगितलं की दोराला हिसका बसलाच नाही. त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली.

३ नोव्हेंबर
इथे तरी खरं लिहितो. दोन हिसके बसले होते. अंगठ्याला चांगले कळले. मी मनाशी म्हटलं, एवढं पान संपू दे, अर्धंच तर उरलंय. मग पुन्हा दोन. मग एकच, हलका. मला वाटलं, काम झालं.

५ नोव्हेंबर
शकुबाई दारात येऊन बसल्या. त्या दिवशी गारठा होता. भाऊंना वर येताच चहा मिळावा म्हणून त्यांनी चूल आधीच पेटवली होती. "माह्यामुळंच गेले ते, साहेब." सासरची माणसं हेच म्हणतात, त्यांच्या हातचं पाणीही घेत नाहीत.
माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी म्हटलं, असं मनाला लावून घेऊ नका. स्वतःची लाज वाटते.

७ नोव्हेंबर
ई-रीडर उघडलं. तेच पान. पुढे जात नाही, मागे जात नाही. बंद केलं तरी तसंच. बिघडलं असेल.
पानाच्या शेवटी दोन चौकोन आहेत. ते आधी नव्हते.

९ नोव्हेंबर
चौकोन वाढले. भरदुपारी, लख्ख उन्हात मोजले. सात ओळी.

१० नोव्हेंबर
चौकोन गेले. अक्षरं आली — मराठी.
ओढा न साहेब. काय करून राह्यले?
यंत्र पेटीत घालून कुलूप लावलं. अंगठा ठणकतो आहे. दोराचा वळ आहे त्यावर. ताजा.

१२ नोव्हेंबर
भोक उघडंच आहे. पाणी कापणीला आलेल्या धानात शिरतंय. कोणी ढिवर उतरत नाही. म्हणतात, शकुबाईमुळे पाणी कोपलं, ती गाव सोडून गेल्याशिवाय आम्ही उतरणार नाही. उद्यापर्यंतची मुदत दिली आहे शकुबाईंना.
आता तरी मी —

१३ नोव्हेंबर, सकाळ
सांगितलं. अंगठा, पान, तो शेवटचा हिसका, काहीच लपवलं नाही. शकुबाई रडल्या नाहीत. मी म्हटलं, गावापुढे येऊन हेच सांगतो, पण आधी गुट्टा मीच लावतो, मला पोहता येतं.
दोर त्यांनीच माझ्या कमरेला बांधला. दुसरं टोक स्वतः धरलं. म्हणाल्या, "मले वाचता येत नाई, साहेब. मी दोराकडेच पाहीन."
पाळीच्या पायरीवर बसून हे लिहितोय. माझं काही झालं तर ही वही तरी गावाला खरं सांगेल. अजून पाय ओले नाहीत. दोराचा मधला झोल पाण्यात पडलाय —
कमरेला हिसका. दोन.
शकुबाईंनी नाही. त्यांचे हात स्थिर — पाण्यातून —
पुन्हा दोन. पाय पाण्यात. ओढा म्हणून ओरडलो. त्या दोराकडेच पाहतायत. हिसके मोजतायत. ओढत ना