दहा उत्तरं, एकही पायरी नाही

१७ नोव्हेंबर
शून्य दिलं! आठवीची गणिताची चाचणी — प्रतीक्षाची दहाही उत्तरं बरोबर आणि पायरी एकही नाही. शेजारी हरिओम, वर्गात पहिला येणारा. अजून काय पुरावा पाहिजे? कॉपी केलीस म्हणून भर वर्गात झापलं. तर म्हणे, मले दिसते मॅडम! दिसतं म्हणे. शिष्यवृत्तीच्या यादीतून नाव काढलं.

१८ नोव्हेंबर
प्रतीक्षा आली नाही. नाही तर नाही.

२० नोव्हेंबर
आजही नाही. मार्क चढवताना हरिओमचा पेपर पुन्हा हातात आला. त्याची दोन गणितं चूक. तीच दोन प्रतीक्षाची बरोबर! मग पोरीनं पाहिलं कोणाचं?
शाबास, शारदाबाई. वीस वर्षं गणित शिकवता ना?

२२ नोव्हेंबर
शाळा सुटल्यावर तिच्या वावरात गेले. मायलेकी मेथीच्या जुड्या बांधत होत्या. तिच्या आईनं, पुष्पाबाईंनी पाणी दिलं. म्हणाल्या, आता पोरगी घरीच राहीन, वावरात काम लय आहे.
मी खाली बसले. प्रतीक्षाला विचारलं, अठ्ठेचाळीस गुणिले पंचवीस?
मान वर न करता, "बाराशे."
कसं विचारलं, तर त्यांच्या घरी एका पोत्यात पंचवीसच जुड्या भरतात. चार पोत्यांचा शेकडा. अठ्ठेचाळीस पोत्यांचे बारा शेकडे. झालं!
बरं, गुणिले चोवीस?
"हरेक पोत्यातून एक जुडी काढा. अकराशे बावन्न."
मी अजून हातचा धरून बसले होते! इतका आनंद झाला, अन् इतकी लाजही वाटली. चुकले म्हणाले. सोमवारी ये म्हणाले.
तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "चोर तं वर्गात म्हनलं होतं, मॅडम. माफी वावरात काऊन मांगता?"

२४ नोव्हेंबर
वर्गासमोर उभी राहिले. मी चुकले, प्रतीक्षानं कॉपी केली नव्हती — एवढंच बोलले. तिचा बाक रिकामाच. हरिओम म्हणाला, मी सांगतो तिले.

२५ नोव्हेंबर
आली!! तासाला खडू तिच्या हातात दिला अन् मी मागच्या बाकावर बसले. एका गणिताच्या पाच रीती निघाल्या, त्यातल्या दोन मलाही ठाऊक नव्हत्या. वर्गात नुसता कल्ला. हेडसर डोकावून गेले. जाऊ देत.

२८ नोव्हेंबर
शिष्यवृत्तीच्या यादीत तिचं नाव लिहायला घेतलं. प्रतीक्षा म्हणाली, "मॅडम, मागच्या साली समताले बी तुमी शून्यच देल्लं होतं. थे माह्यासारखंच करे."
समतानं शाळा सोडली. गणित जमत नाही म्हणून. तिच्या वडिलांना तसं मीच सांगितलं होतं.
आता हिवरा आश्रम गावी मामाकडे असते म्हणे. रविवारी मी तिच्याकडे जाते.