हत्तीचं हसू

बाबा,
इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तुमचा गुडघा काय म्हणतोय?

आमच्या स्टुडिओत साबणाची कार्टून जाहिरात चाललीय. त्यातल्या हत्तीला हसवायचं काम माझ्याकडे आलं. पहिला प्रयत्न पाहून दिग्दर्शक बाई म्हणाल्या, "हा हसतोय की याचं पोट दुखतंय?"

मग तुम्ही आठवलात. आधी तुमचे खांदे हलतात, मग डोळे मिटतात, आवाज सगळ्यात शेवटी येतो. तसाच हत्ती हसवला, तर बाईच खो खो हसत सुटल्या.

पण बाबा, डोळे मिटताना तुमच्या भुवया वर जातात की खाली? काही केल्या आठवेना. आई गेल्यापासून तुम्ही फोनवरही हसला नाहीत.

जाहिरात लागली की दादाला शेजारी बसवा. त्याने टीव्ही बघायचा नाही, तुमच्याकडे बघायचं आणि मला कळवायचं.

तुमची लाडकी,
धाकटी