पहिला उठणारा

३ नोव्हेंबर, सोमवार

"मुलं हेलावली पाहिजेत, मॅडम!" — सकाळी सकाळी संचालकांचा फोन. हेलावली पाहिजेत! जणू मुलं म्हणजे औषधाची बाटली. वापरण्यापूर्वी नीट हलवा.

युवा साधना शिबिर गुरुवारपासून. होकार दिला. नकाराचं कारण सांगता आलं नसतं. 'गेली कित्येक वर्षं मी तरुणांना देवाचं सान्निध्य कसं अनुभवावं हे शिकवते. हे गेल्यापासून मला स्वतःला ते जाणवत नाही' — वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. फोनवर उच्चारता येत नाही, एवढंच.

लेकीला बरोबर नेते आहे. फेब्रुवारीत हे गेले, त्या दिवसापासून तिच्या तोंडून 'बाबा' हा शब्द निघालेला नाही. रडलीही नाही. कॉलेजला जाते, जेवते, ताट विसळते, खोलीचं दार लावून घेते. देवाबद्दल एकदाच बोलली : "तुझी ओळख आहे ना, तू बोलून घे. माझं त्याच्याकडे काही काम नाही." शिबिराला येते आहे तेही उपकार केल्यासारखी — "घरी राहिले तर तासातासाला फोन करशील. त्यापेक्षा आलेलं परवडलं."

हेतू इथे तरी स्वच्छ लिहावा. शिबिर साऱ्या मुलांसाठी असेल. मी जाते आहे ती या एका मुलीसाठी. तिने रडावं. देवापाशी रडावं, भिंतीपाशी रडावं — पण रडावं.

५ नोव्हेंबर, बुधवार

स्वयंसेवकांची तयारी करून घेतली. नवीन मंडळींना पद्धत नीट समजावून द्यावी लागते. आणि खरं सांगायचं तर, समजावताना मला अजूनही उत्साह येतो. अध्यापक विद्यालयात जन्म गेला. फळा दिसला की हात शिवशिवतात.

शेवटच्या संध्याकाळी सभागृहात एकच मोठी समई — चारही बाजूंना अंधार. ज्याला देव जवळ आल्यासारखा वाटला, त्याने उठायचं, आपली मेणबत्ती त्या ज्योतीवर पेटवायची, दोन शब्द बोलायचे. कल्पना सुरेख. अडचण अशी की पहिला कोणीच उठत नाही! सगळे एकमेकांच्या पाठी बघत बसतात. सुरुवातीच्या काही शिबिरांत तर मेणबत्त्या न पेटवताच घरी गेल्या.

तेव्हा उपाय मीच शोधला. पहिला उठणारा आधी ठरवायचा. तो स्वयंसेवक म्हणून ओळखीचा नसावा. घडाघडा बोलू नये. एकदा अडखळावं. डोळ्यांत पाणी आलंच तर शेवटी यावं, आरंभी नव्हे — आरंभीचं पाणी नाटकी दिसतं. तो बसला की दुसरा आपोआप उठतो, मग तिसरा, मग आवरावं लागतं.

"पण मॅडम, ही फसवणूक नाही का?" — स्वयंसेवकांतला एक चश्मिस. दरवर्षी एक तरी असतोच. त्याला सांगितलं, पोहायला शिकवताना शिक्षक आधी पाण्यात उतरतो. त्याला पोहायला येतं हे ठाऊक असूनही मुलांना धीर येतोच ना? पटलं त्याला. लिहूनही घेतलं.

मला कधीकाळी पटलं होतं तसंच.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पोहोचलो. तेच लोखंडी पलंग, तीच घोंगडी — गेल्या शिबिराचा घाम राखून ठेवलेली. सभागृहाचा रंग तेवढा नवा. प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकमेकींच्या मांडीवर बसवून कोपऱ्यात रचलेल्या. बोललं की आवाज घुमतो. संचालकांना हा घुमणारा आवाज फार प्रिय. "वातावरणनिर्मिती आयती!"

स्वयंपाकी मला बघून म्हणाला, "आलात? म्हणजे शनिवारी रडारड. डाळीत मीठ बेतानेच घालतो."

लेक शेवटच्या रांगेत, आग विझवायच्या बादल्यांशेजारी. म्हटलं, पुढे ये. "इथे बरं आहे. काही पेटलंच तर जवळ पडेल."

विनोद करते आहे. बापाचाच थेट. हेही असेच गंभीर चेहऱ्याने बोलायचे. हसू आलं — आणि लगेच राग. तिच्यावर नव्हे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळचं सत्र माझं. विषय : जवळ असणं म्हणजे काय? तिसऱ्या रांगेतल्या एका उंच मुलाने विचारलं, "जवळ म्हणजे किती जवळ, मॅडम? आम्हाला कळणार कसं?"

प्रश्न छान होता! मी खुलले. म्हटलं, डोळे मिटून बसा. आता तुमच्या मागे कोणी येऊन उभं राहिलं, तर कळतं की नाही? स्पर्श नाही, आवाज नाही — तरी मान वळते. ते का कळतं, याचं उत्तर शोधत बसू नका; आधी ते कळतं, हे मान्य करा. मग रांगांमधून चालत गेले, एकेकाच्या मागे थांबले. मुलं वळून हसत होती. सभागृह जिवंत झालं. यापेक्षा चांगलं सत्र मी आजवर घेतलेलं नाही.

लेकीच्या मागेही थांबले. ती वळली नाही. खालच्या आवाजात म्हणाली, "कळलं, आई. पण तू आहेस म्हणून कळलं."

पुढच्या रांगेकडे गेले. शिकवत राहिले. माझ्या मागे नऊ महिन्यांत कोणीही येऊन उभं राहिलेलं नाही! नीट बसून, डोळे मिटून, पद्धतशीर वाट पाहिली आहे मी. कोणी नाही. देवाला गैरहजेरी लावता येत नाही, म्हणून बरं.

८ नोव्हेंबर, शनिवार, दुपार

घोळ. पहिली उठणारी म्हणून जिला तयार केलं होतं — परिचारिकेचं शिक्षण घेणारी, साधी, नेमकी मुलगी — तिचा आवाजच बसला. घशातून फक्त हवा. संचालकांना सांगितलं. म्हणाले, "काळजी नका करू. माझ्याकडे एक जण आहे."

"कोण?"

"तुम्ही दमला आहात, मॅडम. या वेळी नुसत्या बसा. अनुभव घ्या."

अनुभव घ्या! बरं.

९ नोव्हेंबर, रविवार, पहाट

कसं लिहू? क्रमानेच लिहिते.

समई पेटली. गाणं संपलं. नेहमीचीच शांतता — खोकला, खुर्चीची करकर, कोणीतरी नाक ओढलं. मग शेवटच्या रांगेत कोणीतरी उठलं.

माझी लेक!

हळूहळू पुढे आली. मेणबत्ती ज्योतीला लावली. पहिल्यांदा वात पेटेना. म्हणाली, "मला वाटायचं देव मला विसरला. या दिवसांत मला..." आणि थांबली. अडखळली. मग निराळ्याच आवाजात — "माझ्या बाबांकडे घराची किल्ली असायची. तरी ते बेल वाजवायचे. मी चिडायचे, म्हणायचे, किल्ली काय शोभेला आहे? तर म्हणायचे, कोणी दार उघडलं की घरी आल्यासारखं वाटतं. अजून बेल वाजली की मी धावते. दारात पार्सलवाला. मी त्याच्यावर खेकसते. त्याला बिचाऱ्याला कळत नाही त्याचं काय चुकलं."

आणि रडली. उभ्या उभ्या, तोंड न झाकता, लहानपणी रडायची तशी.

मी उठले. मी! वर्षानुवर्षं भिंतीला टेकून इतरांचं उठणं मोजणारी मी. माझी मेणबत्ती तिच्या मेणबत्तीवर पेटवली. मेण हातावर सांडलं, चटका बसला, हात काढला नाही. आणि मागे कोणीतरी उभं होतं. स्पर्श नाही, आवाज नाही. मान वळवली नाही मी — गरजच वाटली नाही.

देवा, एवढा उशीर केलास. पण आलास.

१० नोव्हेंबर, सोमवार

काल परतताना बसमध्ये लेक माझ्या खांद्यावर झोपली. घर येईपर्यंत मी खांदा हलवला नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

संचालकांचा फोन. आनंद उतू चालला होता. "काय लेक आहे हो तुमची! दुपारी बाजूला घेऊन चार वाक्यं दिली, बस्स! आणि अडखळली कुठे, पाहिलंत? रडली कधी — शेवटी! अगदी तुम्ही शिकवता तशी!"

फोन ठेवला.

म्हणजे 'माझ्याकडे एक जण आहे' तो हा. पद्धत माझी, नियम माझे — आणि समोर घडत असताना मला ओळखू आली नाही! पोहायच्या त्या दाखल्यावर नाकातोंडात पाणी जाईपर्यंत मीच भाळले. चश्मिस मुलाला आता काय सांगू?

लेक कॉलेजातून आली. विचारलं. नाकारलं नाही तिने. "संचालकदादा म्हणाले, कोणीतरी उठायलाच हवं, नाहीतर तुझ्या आईचं शिबिर पडेल. मी हो म्हटलं."

"का?"

"तू दिवसभर लोकांना देव समजावतेस आणि घरी येऊन नळ सोडून रडतेस, आई. भिंत पातळ आहे. म्हटलं, मी उठले तर तू तरी उठशील."

इथे मी थांबायला हवं होतं. शिक्षकाला कुठे थांबायचं ते कळायला हवं. मी म्हटलं, "आणि बाबांची बेल? तीसुद्धा पाठ केलीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. खोलीत गेली. दार लागलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

संचालकांना कळवलं : यापुढे मी येणार नाही. "अहो पण परिणाम बघा ना, मॅडम! साठ-सत्तर मुलं उठली! त्यांचं तर खोटं नव्हतं?" म्हटलं, "माझ्या घरी एकच मूल आहे." त्यांना अर्थ लागला नाही. आवाज घुमला नाही म्हणून असेल.

प्रार्थनेला बसले नाही. पाठीमागे कोण उभं होतं, ते आता ठाऊक आहे. मीच. माझीच पद्धत, पदर खोचून.

राग देवावर काढायचा तर तो असायला हवा; संचालकांवर काढावा, तर शिकवणारी मी. उरलं कोण? पोरगी. तिच्या बापाचं नाव नऊ महिन्यांनी तिच्या ओठांवर आलं, तेही दुसऱ्याने दिलेल्या चार वाक्यांत. माझ्यासाठी! तिने रडावं अशी इच्छा होती ना? घ्या. रडली. नियमानुसार. शेवटी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

एका टेबलाशी जेवतो. मिठाचा डबा मागण्यापुरतं बोलणं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

संध्याकाळी बेल वाजली. मी धावले — म्हणजे मीही धावतेच! दारात लेक. किल्ली हातात, माझ्यासमोर धरलेली.

"दादांच्या चार वाक्यांतलं दुसरं अर्धं झालं आणि मी पुढचं विसरले," ती म्हणाली. "बेल त्यात नव्हती. ती कुठून आली, मला माहीत नाही." आणि बूट काढता काढता, "आता बाजूला हो. चहा ठेव."