पंख्याची होडी आणि केशरी जाकीट

२ नोव्हेंबर

बुडाली! पाण्यात सोडल्यापासून मोजून चार सेकंद. रिमोटची दांडी पुढे केली, पंखा गर्रकन फिरला आणि होडीने सरळ नाक खाली घातलं. मग गुडगुडगुड.

बोका तलावाच्या काठावर लोळून हसला. बोका हा माझा उरलेला एकमेव मित्र. बाकीच्यांनी माझ्या खोड्यांना कंटाळून केव्हाच राम राम ठोकला. म्हणतो कसा, "पाणबुडी केली म्हणून सांग ना! लोक टाळ्या वाजवतील."

कमरेएवढ्या पाण्यात उतरून काढली. मोटर दोरीवर वाळत घातलीय, मोज्यांच्या शेजारी. आईने पाहिलं, चिमटा उचलून दिला आणि आत गेली. 

३ नोव्हेंबर

मालकांना विचारलं, का बुडाली. मालकांचं पंखे-मोटारी दुरुस्तीचं दुकान आहे, मी तिथे तीन वर्षं तांब्याची तार गुंडाळतोय. शाळेने मला सोडलं की मी शाळेला, यावर अजून एकमत नाही.

"अरे गाढवा, पंखा केवढा वर बसवलायस! माणसाला खांद्यात मागून ढकललं तर तोंडावरच पडणार ना? वजन मागे घे." बॅटरी वीतभर मागे सरकवली. बघू.

मग म्हणाले, "पण पंखा हवेत कशाला? होडीचा पंखा पाण्यात असतो."

म्हटलं, जलपर्णी. तलावाच्या दोन्ही काठांना हिरवी गादी पसरलीय. पाण्यातला पंखा तिच्यात असा गुंततो की कापूनच काढावा लागतो. हवेतल्या पंख्याला काय! तळ सपाट ठेवला की होडी पानांवरून घसरत जाते.

"आणि जायचंय कुठे तुझ्या जहाजाला?"

"असंच."

असंच नाही. पलीकडे जायचंय. पलीकडे पाण्याचं पंपहाऊस आहे. तिथे माझी ताई आहे.

५ नोव्हेंबर

रोज चारला दुकानातून सटकतो. मालकांना वाटतं विडीला. चारच्या ठोक्याला पलीकडच्या धक्क्यावर एक केशरी ठिपका येतो. ताईचं कामाचं जाकीट. ती दोरीला बाटली बांधून पाण्यात सोडते, भरून वर ओढते, झाकण लावते, आत जाते. रोज पाणी तपासायला नमुना घ्यावा लागतो. सगळं मिळून चार मिनिटं.

माझ्या दुर्बिणीचा एक डोळा फुटलाय. दुसऱ्यातून ठिपका बोटाएवढा दिसतो. तोंड दिसत नाही. पण दोरी ओढताना वाकते ती अगदी पूर्वीसारखीच वाकते.

हात केला. दोन्ही हात केले. ती आत गेली.

६ नोव्हेंबर

बोका म्हणतो, "बस का नाही पकडत सरळ? वळसा घालून तासाभराचा रस्ता." पकडली होती की! गेल्याच महिन्यात. फाटकावरच्या वॉचमनने पुढे पाऊल टाकू दिलं नाही.

"मॅडम इथे नाहीत."

"कधी येतील?"

"नाहीत म्हटलं ना!"

ताईने पाठ करून घेतलं होतं त्याच्याकडून. खोटं बोलणारा मला लांबून ओळखू येतो, आपला धंदाच तो. फोन तर वर्ष झालं, माझा नंबर तिने बंद करून ठेवलाय. राहिलं काय मग? पाणी.

८ नोव्हेंबर

आज दुकानात वीज नव्हती. रिकामा बसलो आणि नको ते आठवलं. लिहून टाकतो एकदाचं. इथे कोण वाचतंय!

मला आवाज काढता येतात. मास्तर, डॉक्टर, वीजमंडळाचा माणूस, कोणीही. गेल्या वर्षी ताईने मोठ्या शहरातल्या एका मोठ्या लॅबमध्ये मुलाखत दिली. तिला तिथेच जायचं होतं, कॉलेजात होती तेव्हापासून. कपाटाच्या आतल्या बाजूला त्या इमारतीचा फोटो चिकटवला होता तिने.

मी बोक्याच्या फोनवरून तिथल्या साहेबांचा आवाज काढला. "अभिनंदन. आपली निवड झालेली आहे." ताई स्वयंपाकघरात नाचली. आईला उचलून फिरवलं. मी दाराआड तोंडात रुमाल कोंबून बसलो होतो. बाहेर आलो तर चप्पल फेकून मारली, पण नंतर हसलीसुद्धा. हसली म्हणून चार दिवसांनी परत केलं. मग अजून एकदा. आवाज काय सुंदर जमला होता!

चौथ्यांदा फोन आला तो खऱ्या साहेबांचा.

ताई म्हणाली, "मेल्या, घरी ये, तुझी जीभच हासडते." आणि ठेवला. त्यांनी परत केला. तेव्हा ती जे बोलली ते मी इथेही लिहिणार नाही. त्यांचा तिसरा फोन आला नाही.

पंधरा दिवसांनी ती स्वतः तिकडे जाऊन आली. जागा यादीतल्या पुढच्या नावाला दिली होती. घरी आली, बूट काढले, जागेवर ठेवले. ओरडली असती तर बरं झालं असतं. माझ्याकडे एकदा पाहिलं, मी घरातलं सामान असल्यासारखं. तेवढंच. मग महिन्याभरात पंपहाऊसची ही नोकरी घेतली आणि तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायला गेली. कपाटातला फोटो तिने खरवडून काढला. चिकटपट्टी अजून आहे.

ती नोकरी मला कुठूनही परत आणून देता आली ना, तर ती दुसऱ्या मिनिटाला बोलेल माझ्याशी. मला माहीत आहे ती. पण नोकरी काय पंखा आहे, तार बदलली की फिरायला?

९ नोव्हेंबर

आवाज काढणं बंद आहे तेव्हापासून. बोका म्हणतो, "एकदाच रे, मास्तरांचा!" नाही म्हणजे नाही.

१० नोव्हेंबर

तरंगली! बुडाली नाही! पण डावीकडे वळवली की उजवीकडे जाते. सुकाणू हलवणारी चिमुकली मोटर उलटी बसवली होती. बोका म्हणे, "तुझ्यावरच गेलीय."

होडीची जन्मपत्रिका: अंग फ्रिजच्या खोक्यातल्या थर्माकोलचं. तळाला जुन्या फायलीचं प्लॅस्टिक. पंखा आणि मोटर फोटोग्राफरच्या मोडक्या ड्रोनची. त्याचे लाइट फुकट दुरुस्त करून दिले त्याबद्दल. रिमोटही त्याचाच. त्याच्या भाच्याचं खेळण्यातलं विमान पहिल्याच दिवशी झाडावर गेलं आणि तिथेच राहिलं. पंख्याभोवती टेबलफॅनची जाळी. ती मालकांची. मालकांना अजून माहीत नाही.

१२ नोव्हेंबर

आई स्वयंपाकघराचं दार लोटून फोनवर बोलत होती. दार लोटलं म्हणजे ताई. मी बाहेर टेबल पुसत बसलो. एकच टेबल, पंधरा मिनिटं.

"काय म्हणाली?"

"बरी आहे."

"माझं काही विचारलं?"

"पाणी जाईल आत्ता. बादली भर."

भरली.

१४ नोव्हेंबर

हात केला!! तिने!! चार वाजून तीन मिनिटांनी, बाटली खाली ठेवून, डोक्याच्या वर, स्पष्ट!

बोका म्हणाला, "डास मारला असेल."

डास मारायला कोणी हात डोक्यावर नेतं का? त्याला तलावात ढकलणार होतो. दुर्बीण त्याच्या गळ्यात होती म्हणून सोडला.

घरी येताना पूर्ण रस्ता शीळ घालत आलो. आईने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही. ती मला टोलवते तसंच.

१५ नोव्हेंबर

हवेतल्या पंख्याची एक गंमत आहे. भीती वाटली की माणूस गॅसची दांडी सोडतो. गॅस सोडला की सुकाणूवर वारा येत नाही, आणि होडी वळायचीच बंद होते. दोनदा काठावर धडकवली. वळायचं तर गॅस द्यावाच लागतो, समोर भिंत असली तरी. ब्रेक नाही, मागे जाणं नाही.

मालकांना जाळीचा पत्ता लागला. कान लाल आहे.

१७ नोव्हेंबर

रिमोट आणि होडीतला रिसीव्हर यांची एकमेकांशी नव्याने ओळख करून दिली. बटण दाबून धरायचं, दिवा लुकलुकतो, मग स्थिर होतो. मोटरलाही तिची जास्तीत जास्त गॅसची हद्द शिकवायची होती. त्यासाठी दांडी पूर्ण वर धरावी लागते. मी दोन्ही कामं एकदमच उरकली, दांडी वर ठेवून. हुशार आहे मी.

मग बोका होडी डोक्यावर घेऊन बांधावरून चालत गेला आणि मी रिमोट घेऊन इकडे. आठशे पावलांवरसुद्धा सुकाणू हलत होतं! तलावाची रुंदी तेवढीच असेल. लोक बोक्याकडे बघत होते. बोका म्हणाला, टोपी आहे.

१९ नोव्हेंबर

चिठ्ठी. चार कागद फाडले. पहिल्यात विनोद होता. दुसऱ्यातही होता. तिसऱ्यात "प्रिय भगिनी" लिहिलं. ती हसून मेली असती, पण हसवायचं नाहीये. चौथ्यात मी इतकं रडलो की तो मला स्वतःलाच खोटा वाटला.

शेवटी हे लिहिलं: "ताई, तुझी नोकरी माझ्यामुळे गेली. मी हे तोंडाने कधी बोललो नाही. आता आवाज काढत नाही. तू घरी नाहीस तर कोणाला त्रास द्यावा तेच कळत नाही. एकदा फोन कर. शिव्या दे, पण कर."

खाली नंबर. गोळ्यांच्या डबीत घालून डबी टेपने होडीवर चिकटवली.

२० नोव्हेंबर

वारा.

२१ नोव्हेंबर

वारा. केशरी ठिपका आला, गेला. आज हात नाही केला तिने. मीही नाही केला. रिमोट हातात होता.

२२ नोव्हेंबर

वारा! मालक म्हणाले, "एवढा सुस्कारे टाकतोयस, तुझाच असेल."

२३ नोव्हेंबर

पोचली!!!

अक्षर कसं वाकडंतिकडं आलंय बघून घ्या. घ्या काय, कोणाला सांगतोय!

पावणेचारला पाणी आरशासारखं. सोडली. जलपर्णीवरून खरोखर घसरत गेली, पानं फटाफटा वाजली, आणि मोकळ्या पाण्यात! बोका दुर्बिणीतून सांगत होता, "डावीकडे... बास... थोडी उजवीकडे..." अर्ध्यावर गेली आणि मेली. म्हणजे होडी नाही, रिमोट मेला. दांडी इकडे केली, तिकडे केली, काही ऐकेना. बांधावर होडी बोक्याच्या डोक्यावर होती तेव्हा सिग्नल पोचत होता, पाण्याला टेकल्यावर पोचेना. मी गॅस पूर्ण खाली ओढला. आता थांबेल, तलावाच्या मधोमध बसेल, संपलं.

तर ती सुटली! पूर्ण गॅसवर! सरळ! माझा अंगठा खाली आणि होडी बाण! बोका ओरडतोय, "अरे हळू, हळू!" आणि मी ओरडतोय, "मी काहीच करत नाहीये!" पलीकडच्या गादीवर चढली, उडाली, धक्क्याच्या पायरीपाशी जाऊन धडकली. पंखा बंद.

केशरी जाकीट धावत आलं. वाकलं. होडी उचलली. बराच वेळ बघत उभं राहिलं. मग काहीतरी छोटं हातात धरलं. डबी! डबीच! बोकाही म्हणाला डबी.

आत गेली. होडी घेऊन गेली.

२४ नोव्हेंबर

रिमोटच्या खोक्यातला कागद आज वाचला. मुंगीएवढी अक्षरं. संपर्क तुटला तर गॅस कुठे राहील, ते ओळख करून देताना दांडी जिथे असेल त्यावर ठरतं. म्हणून खाली ठेवा, असं ठळक लिहिलंय. मी पूर्ण वर ठेवली होती. नीट केलं असतं तर होडी अर्ध्यावर बसली असती.

मालकांना सांगितलं. कपाळावर हात मारून म्हणाले, "तुझं नशीबसुद्धा तुझ्यासारखंच. आचरट."

फोन नाही.

२५ नोव्हेंबर

फोन उशाशी, फोन खिशात, फोन न्हाणीघराच्या खिडकीत. आईने विचारलं, कोणाचा यायचाय? म्हटलं, कोणाचाच नाही. तिने माझ्या केसांवरून हात फिरवला. वर्षाने.

२६ नोव्हेंबर

नाही.

२७ नोव्हेंबर

वाजला! झडप घातली. बोका होता. "आला का रे?"

२८ नोव्हेंबर

आला. ताई नव्हती. एक अनोळखी बाई. म्हणाली, होडी तुमची ना? चिठ्ठी वाचली, माफ करा. चार दिवस ठरत नव्हतं फोन करावा की नाही. ऑगस्टपासून इथे नमुने मीच घेते. तुमच्या ताईंना त्या शहरातल्या लॅबचं परत बोलावणं आलं, इकडचं सोडून त्या तिकडे गेल्या. तुम्हाला ठाऊक नाही? समोरून रोज कोणीतरी हात करायचं, म्हणून एकदा मीही केला.

म्हटलं, ठाऊक आहे मला. होडी राहू दे तुमच्याकडे.

आई भांडी विसळत होती. विचारलं, तुला माहीत होतं?

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

नळ बंद केला तिने. "नोकरी मिळाली त्या दिवशीच तिला विचारलं होतं मी. आता तरी त्याला सांगू का म्हणून."

"मग?"

"नको म्हणाली."

नोकरी मिळाली त्या दिवशीही नको म्हणाली.