नव्या खोलीच्या कैच्या

बाबा,

सुतारकाका आले तर त्यांना लाकूड कापू देऊ नका, पाया पडते. तुमची आरामखुर्ची मावावी म्हणून काल मी कॉम्प्युटरवरच्या नकाशात नव्या खोलीची भिंत बाहेर सरकवली. छत पेलणाऱ्या लाकडी त्रिकोणी कैच्या मात्र तिथे आपोआप लांबत नाहीत, पुसून पुन्हा काढाव्या लागतात. बाळ मांडीवर रडत होतं, मी विसरले. टेबलावरच्या नकाशाप्रमाणे कापलं तर सगळं लाकूड आखूड पडेल आणि खोली राहूनच जाईल.

बाळाला ताप आहे, दवाखान्यात चाललेय. आल्याबरोबर नवीन नकाशा काढून देते.

दाराशी तुमची भरलेली बॅग पाहिली. हॉलमध्ये तुमची अडचण होते, हे तुमच्या लेकाचं बोलणं इतकं लावून घेऊ नका. ती खोली तुमचीच आहे.

तुमच्या चपला मी घालून जातेय. रागवायचं असेल तर मी येईपर्यंत थांबा.