अस्क्लास गुरुजींचं शास्त्र आणि माझ्या भुवया

तीर्थरूप सेरेनस मामांना हर्मोपोलिसहून पानिस्कोसचा साष्टांग नमस्कार.

इथे रोज थोथदेवापुढे तुमच्या नावानं डोकं टेकतो. गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला? मी ठणठणीत आहे, फक्त भुवया गेल्या. त्या कशा गेल्या तेच लिहायला बसलोय आणि संतापानं बोरू दोनदा मोडलाय.

तुम्ही म्हणालात, आत्म्याचं आणि मंत्रांचं शास्त्र, म्हणजे हर्मेसविद्या, शिकावी तर अस्क्लासांकडे. असेल! पण त्यांच्याकडे जायला लागल्यापासून मी नुसता ऐकतोय. आत्मा वरून उतरताना कुठल्या ग्रहानं त्याच्या गळ्यात कुठला दुर्गुण बांधला, हेच अजून चाललंय (माझ्या गळ्यात सातही ग्रहांनी दोनदोन बांधले असावेत). मंत्राचा दिवा कधी लावायचा विचारलं, तर म्हणतात, "दिवा म्हणजे काय ते कळलं का? नाही ना? मग लावणार काय, कपाळ?" तिकडे बाजारातल्या मांत्रिकाला मंत्रातल्या सात स्वरांपैकी चारही धड म्हणता येत नाहीत, पण दारात ही रांग!

परवा गुरुजी पुतण्याच्या लग्नाला गेले आणि त्यांच्या शेजारच्या थर्मुथिसकाकू आल्या. त्यांचा मुलगा बापाशी भांडून अलेक्झांड्रियाला गेला, तेव्हापासून काकूंच्या नवऱ्याची, पमून कुंभाराची, वाचाच बसली. मसूर हवी असली तरी बोट दाखवतो. काकू रडल्या नाहीत. म्हणाल्या, "शिव्या दिल्या तरी चालतील रे, पण घरात आवाज हवाय." अशा बाईला मी ग्रह सांगत बसू?

गेलो त्यांच्या घरी. धुतलेलं वस्त्र, कोरा दिवा, पूर्वेला तोंड, सगळं रीतसर केलं. राळ किती घालायची ते कुणी शिकवलंच नव्हतं (शास्त्रात चिमूट-मूठ असलं काही नसतं), म्हणून ओंजळभर घातली. तिसऱ्या स्वराला ज्वाळेनं भुवया नेल्या, चौथ्याला चटई पेटली. घर धुरानं कोंदलं. तेवढ्यात भट्टीवरून पमून चिखलाच्या हातांनी धावत आला, काकूंना ओढून अंगणात नेलं आणि ओरडला, "अगं वेडे, पोरगा गेला, आता तूही चाललीस का?" मग चटई विझवून जो बोलायला लागला तो दिवस कलेपर्यंत. मला दिलेल्या शिव्या लिहीत नाही, मामी वाचतील. काकू त्याचा चिखलाचा हात धरून ऐकत होत्या. माझेही डोळे वाहत होते (धुरामुळे).

आता अन्याय ऐका. गुरुजी परतले आणि माझ्यावरच उखडले!

"तू काय करतोयस हे तुला तरी कळत होतं का?"

"पण झालं ना काम?"

"झालं. का झालं, सांग."

मीही चिडून विचारलं, "तुम्ही असतात तर काय केलं असतंत?" गुरुजी म्हणाले, "तो का बोलत नाही, ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं." ठाऊक होतं, मामा! भिंतीला भिंत लागून घर, आणि हे आत बसून ग्रह मोजत होते! वर हुकूम काय, तर मी शास्त्र पहिल्यापासून वाचायचं आणि सकाळी दिवा लावताना ते माझ्या शेजारी बसणार. का? तर त्यांनी स्वतः आजवर एकदाही लावलेला नाही! याला काय म्हणावं?

आपला संतप्त भाचा,
पानिस्कोस

ता. क. नावाड्याबरोबर सुके मासे पाठवलेत. त्यातले थोडे तो खाईलच.

ता. क. हे पत्र आईला ठाऊक नाही. तुम्ही मला लिहिता आणि याच घरात राहणाऱ्या सख्ख्या बहिणीला साधा नमस्कारही लिहीत नाही. ज्यांच्यावरून तुम्हा दोघांचं बिनसलं, ती आजोबांची खजुरीची झाडं तर कधीच वाळली. पुराच्या सणाला या आणि पहिला शब्द तुम्ही बोला. याला काही विधी आहे का, असं गुरुजींना विचारलं. आहे म्हणाले, नावेत बसण्यापासून सुरू होतो.