कोपऱ्यातला कीचक

सोमवार
आले एकदाची. नातवाला देवळाच्या आवारातच खोली मिळालीय. चूल, मोरी, एक खिडकी. माझ्या सासरपेक्षा बरी. नातू पाथरवट, ताडमाड उंच. माझं बोचकं घेऊन आत शिरताना चौकटीला डोकं आपटलं. म्हटलं, देवानं उंची दिली, अक्कल द्यायला विसरला. म्हणाला, "आजी, अक्कल तुझ्याकडून यायची होती."

बुधवार
देऊळ पाहिलं. हजार वर्षांचं म्हणतात. चुना नाही, माती नाही. दगडावर दगड, नुसत्या वजनावर उभं. मंडपात खांबाखांबाच्या माथ्यावर एकेक बुटका कोरलाय. सुटलेलं पोट, बटबटीत डोळे, दोन्ही हातांनी छत तोलून धरलंय. कीचक म्हणतात त्याला. मला धाकटे दीर आठवले. कोपऱ्यातल्या खांबावर मात्र कीचक नाही, शेजारी लोखंडी टेकू. पुजारी सांगत होता, तिथे बसवलेला प्रत्येक कीचक पिचलाच, पूर्वीपासून. आमचा नातू तिथलाच घडवतोय.

शनिवार
कीचक बसवला. मुकादमानं टेकू काढला. छत हललं नाही. सगळे खूश. नातू मात्र मटकन खाली बसला. मान भरून आली म्हणे.

मंगळवार
मानेला तेल चोळायला गेले, तर मान कुठाय? खांद्यांत रुतलीय. संध्याकाळी दारातून सरळ आत आला. वाकला नाही. आपटलंही नाही.

गुरुवार
विजार जमिनीवर लोळते. डोळे बाहेर आलेत. डॉक्टर म्हणतो, विश्रांती घ्या. मुकादमाला म्हटलं, टेकू परत लाव. तो म्हणे, म्हातारे, दगड पिचलाय का कुठं? नाही पिचला. पिचतंय ते माझ्या घरात.

शुक्रवार
त्याला घेऊन निघाले. फाटकाशी पोचलो, तोच मंडपात छत कडकडलं. खाली मजूर होते. "आजी, मी गेलो तर ते सगळे..." एवढंच बोलला. मागे फिरला. रांगत.

रविवार
त्या खांबापाशी उभी राहिले. गोड बोलणं मला कधी जमलं नाही. म्हटलं, तरणं पोर आहे, सोड. ओझ्याची सवय मला —

सोमवार
चौकटीला डोकं आपटलं त्याचं! केवढं टेंगूळ. शिवी घातली, मग तोंड फिरवून —
फळीवरचा डबा हाताला लागत नाही. काल लागत होता.

बुधवार
त्याला सांगितलं, वय झालं, वाकायचंच. पटलं त्याला. कामावर गेला. माझी मान हलत नाही. वही मांडीवर — डावा हात आपोआप वर गेलाय. खाली येत नाही. उजव्यानं लिहितेय. आता तोही —